आजीचे रिकामे हात

नातवंड म्हणजे दुधावरची साय, असे आपल्याकडे म्हणतात. म्हण गोड आहे, आणि ती म्हणणाऱ्या कोणाही आजीच्या चेहऱ्याकडे पाहिले की खरीही वाटते. परंतु साय काही आपण होऊन धरत नाही. दूध मंद आचेवर ठेवावे लागते, ते उतू जाऊ नये म्हणून कोणी तरी त्यापाशी बसून राहावे लागते, आणि पुढे ते निवेपर्यंत त्याला धक्का लागू द्यावयाचा नसतो. म्हणीत साय आहे. दुधापाशी बसलेले माणूस नाही. आपल्या कथा-कादंबऱ्यांतल्या आजीचे नेमके हेच झाले आहे, असे मला पुष्कळ दिवसांपासून वाटत आले आहे. दिवाळीच्या फराळात करंजी-चकलीबरोबर एखादा मेथीचा लाडूही असावा; तो कडू लागतो, पण बाधत नाही. या लेखाकडे वाचकांनी तशाच दृष्टीने पाहावे.

आपल्या साहित्यातली आजी डोळ्यांपुढे आणून पाहा. ती ओसरीवर भिंतीला टेकून बसलेली असते. हातात असलीच तर जपमाळ. दिवेलागणीला नातवंडे भोवती गोळा झाली की ती राजाराणीची गोष्ट सांगते, सुनेला टोमणा मारते किंवा न मारता थोर ठरते. पुढे एके दिवशी ती मरते, आणि नातू (बहुधा तोच लेखक असतो) तिच्या गोधडीचा वास आठवून हळवा होतो. ती गोधडी तिने केव्हा शिवली, कोणकोणत्या लुगड्यांचे थर तिच्यात आहेत, सुईत दोरा ओवताना म्हातारीला दिसत होते की नाही, हे त्याने पाहिलेलेच नसते. कित्येक गोष्टींत तर एका खोलीत आजी डोळे मिटते आणि त्याच घटकेला दुसऱ्या खोलीत बाळ रडते. ‘आजा मेला, नातू झाला’ ही आपली जुनी म्हण. हिशेबाच्या वहीत ती शोभते. कथेत तिने येऊन सगळा हिशेब चुकता करून टाकला की, म्हातारीच्या जन्माची किंमत एका रडण्याएवढी ठरते.

मी शाळेत मराठी शिकवते. ‘माझी आजी’ हा निबंध दरवर्षी कोणत्या ना कोणत्या इयत्तेला येतोच. पन्नास वह्या तपासल्या तर चाळीसांत आजी गोष्टी सांगते, लाड करते आणि देवाची पूजा करते. ज्या मुलांना मी ओळखते, ज्यांच्या आज्या बाजारात भाजी विकतात किंवा पहाटे दोन घरचे डबे करतात, त्यांच्याही वहीत हीच आजी. घरी डोळ्यांसमोर वावरणारी बाई मुलांना दिसत नाही, पुस्तकातली दिसते. साहित्याचे बळ केवढे असते हे यावरून कळते, आणि त्याची जबाबदारीही.

आता पुस्तक मिटून एखाद्या खऱ्या घराकडे पाहू. मार्गशीर्ष-पौषाचे दिवस आहेत. निफाडकडची थंडी, सकाळी अंगणातल्या पाण्यात बोट बुडवले तर कळ येते. लेक पहिलटकरीण म्हणून माहेरी आली आहे, आणि त्याच हिवाळ्यात सुनेचेही दुसरे बाळंतपण घरातच आहे. पंधरा दिवसांच्या अंतराने घरात दोन पाळणे. अशा घरातल्या आजीला जपमाळ ओढायला सवड कोठून मिळणार? ती पहाटे चारला उठते आणि पाणी तापत घालते. दोन बाळंतिणींना आणि दोन बाळांना तेल लावून न्हाऊ घालावयाचे. पाटावर बसून ती पाय लांब पसरते, बाळाला नडग्यांवर पालथे घेते, आणि एका हाताने त्याची मान सांभाळीत दुसऱ्या हाताने पाणी ओतते. पाणी किती ऊन हे ती कोपराने पाहते. न्हाऊन झाले की शेगडीतल्या निखाऱ्यावर ओवा, शेपा, वावडिंग. बाळाला कुंची, बाळंतिणीच्या कानाला फडके. बाळुती धुवावयाची, आणि हिवाळ्यात ती वाळत नाहीत, म्हणून शेगडीवर टोपली उपडी घालून तिच्यावर पसरावयाची. मधल्या वेळात डिंक तुपात फुलवावयाचा, खोबरे किसून भाजावयाचे, खारका कुटावयाच्या, अळीव भिजत घालावयाचे. दुपारी सगळे घर कलंडते तेव्हा ही जुन्या लुगड्याचे दुपटे शिवते.

पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई बाळाचे नशीब लिहायला येते म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवून आजी जागत बसते. पुढे संक्रांत येते. बाळाची पहिली संक्रांत म्हणजे काळे झबले, बोरन्हाण आणि हलव्याचे दागिने. परातीत तीळ किंवा खसखस घेऊन, खाली मंद निखारा ठेवून, पाकाचे थेंब सोडीत तासन् तास हाताने फिरवीत बसावे तेव्हा हलव्याला काटा येतो. आणि थंडी कडक असेल तर तो अधिक चांगला येतो. त्या काट्यांनी बोटे सोलवटतात. छायाचित्रात बाळाचा मुकुट दिसतो.

या घरात कथा नाही असे कोण म्हणेल? तुपाचा डबा एक आणि बाळंतिणी दोन. लेकीच्या लाडवात तूप किती आणि सुनेच्या लाडवात किती? लेकीला मुलगी झाली आणि सुनेला मुलगा, तर पेढ्यांचा खोका कोणाच्या नावाने आधी उघडला गेला? रात्री दोन्ही बाळे एकदम रडली, तर म्हातारीचे पाऊल आधी कोणत्या खोलीकडे वळले? तिला स्वतःलाच या प्रश्नांची उत्तरे ठाऊक असतात आणि ती त्यांना भीत असते. माणसाच्या न्यायबुद्धीची याहून कठीण परीक्षा राजदरबारातही होत नसेल. कादंबरीकाराला आणखी काय पाहिजे?

कोणी म्हणेल की मराठी लेखकांना स्त्रीचे कष्ट दिसतच नाहीत, त्यात नवल ते काय. परंतु हे खरे नव्हे. आईचे हात त्यांनी पाहिले आहेत. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, ती 1935 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातली आई मोठी होते ती उपदेशामुळे नव्हे. न्हाऊन ओल्या पायांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या मुलासाठी ती धोंडीवर आपले ओचे पसरते. ते काम आधी दिसते, मग मनाला घाण न लागू देण्याचे वाक्य येते. हात आधी बोलला म्हणून तोंडाचे बोलणे पटते. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधली (1960) कौतिक आणि श्री. ना. पेंडशांच्या ‘रथचक्र’मधली (1962) आई, या दोघी संसाराशी ज्या झुंजतात त्या कामाच्या रेट्यानेच आपल्याला कळतात. आईला जे मिळाले ते आजीला का मिळू नये? माझे उत्तर असे की, लेखक बहुधा मुलगा किंवा नातू म्हणून लिहितो. मुलगा आईच्या मागेमागे स्वयंपाकघरात फिरलेला असतो. नातवाला मात्र आजी भेटते ती संध्याकाळी, काम आटोपल्यावर, कुशीत घेण्यापुरती. त्याने पाहिलेली घटका खरी आहे, पण ती दिवसाची शेवटची घटका आहे. ती बाई पाळणाऱ्याच्या, रांधणाऱ्याच्या, जागणाऱ्याच्या रूपात पाहायची तर सुनेच्या किंवा लेकीच्या डोळ्यांनी पाहावे लागेल. किंवा तिच्या स्वतःच्या.

तिच्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले आपल्याजवळ मुळीच नाही असे नाही. ते आहे जात्यावरच्या ओवीत. ओवी रचणारीचे हात रिकामे नसत. एक खुंट्याला, एक वैरणीला. म्हणून ओवीत पहिलटकरणीचे डोहाळे येतात, मुराळ्याची वाट येते, न्हाणी येते, पाळण्याची दोरी येते, आणि थकलेला दंडही येतो. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये अशा ओव्या जमवल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह केला. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींची गाणी 1952 मध्ये पुस्तकरूपाने आली, तीही शेतात आणि घरात काम करताना सुचलेली. गावात पिठाची गिरणी आली आणि जाते थांबले. बायकांच्या खांद्यांना विसावा मिळाला, हे फार चांगले झाले; परंतु कामाबरोबर कामाचे बोलणेही थांबले, आणि ते पुढे नेण्याची जबाबदारी छापील साहित्यावर आली. ती त्याने नीट उचलली नाही.

गद्यातही एक ठळक अपवाद आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागली तेव्हा लक्ष्मीबाई साठी ओलांडलेल्या, नातवंडे असलेल्या बाई होत्या. म्हणजे हे पुस्तक एका आजीनेच लिहिलेले आहे! पण भिंतीला टेकलेली ती आजी यात शोधून सापडावयाची नाही. ही बाई हसते, चिडते, फजिती सांगते, चुलीपासून प्रवासापर्यंत सगळीकडे हात घालते. खऱ्या आजीने लेखणी हाती धरली की आजीचा ठसा कसा मोडून पडतो, याचा एवढा एक दाखला पुरेसा आहे.

आणि दुसरे पुस्तक मला त्याहूनही महत्त्वाचे वाटते. वीरगावच्या आजोळी वाढलेल्या बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ 1986 मध्ये पुस्तकरूपाने आले. महारवाड्यातल्या बाळंतपणाची त्यातली वर्णने वाचताना पान उलटवत नाही. कोवळ्या वयाच्या पोरी, अडलेली बाळंतपणे, भोवती जमलेल्या अनुभवी बायकांचे अघोरी उपाय, आणि बाळंतिणीच्या पोटात घालायला घरात काही नाही. डिंक नाही, खोबरे नाही, तूप तर नाहीच. वर मी तुपाच्या डब्याची जी कथा सांगितली तिच्यासाठी आधी डबा असावा लागतो, हे या पुस्तकाने मराठी वाचकाला बजावले. ‘आजीबाईचा बटवा’ हा शब्द आपण किती सहज वापरतो! बटव्यात काय असणार हे आजीच्या मायेवर ठरत नाही. घरात काय पिकते, काय शिजते आणि गाव काय हाती लागू देतो यावर ठरते. ज्या लेखनात आजीची माया आहे पण बटव्याचा हिशेब नाही, ते लेखन मला अर्धे वाटते.

त्या पुस्तकाचा आणखी एक गुण सांगितला पाहिजे. वडीलधाऱ्या बायकांवर प्रेम असूनही लेखिका त्यांच्या अज्ञानावर पांघरूण घालीत नाही. आमच्या हळव्या आजीकथांना हे कधी जमत नाही, कारण देव्हाऱ्यात बसवलेल्या बाईकडून चूक कशी होणार? आणि चुका तर होत होत्या. पुष्कळ घरांत बाळंतिणीचा पहिला चीक वाईट म्हणून पिळून टाकीत आणि बाळाला मध चाटवीत. आज बालरोगतज्ज्ञ सांगतात की तो चीकच बाळाचे पहिले संरक्षण. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको. वर्षाच्या आत मध तर मुळीच नको. आणि कोंडलेल्या खोलीतला धूर बाळाच्या छातीला वाईट. तीच आजी पाण्याची ऊब कोपराने अचूक ओळखत होती आणि तीच बाळाचे अमृत फेकून देत होती. दोन्ही मायेनेच. एका बाईत हे दोन्ही दाखवता आले तर ती जिवंत होईल. एक गाळले की उरतो तो देवीचा मुखवटा, नाही तर अडाणी म्हातारीचे सोंग.

आजची आजी तर आणखी नव्या पेचात आहे. बाळंतपण दवाखान्यात होते, आणि ते चांगलेच आहे. तेल लावायला पगारी बाई येते. डॉक्टरांचा कागद भिंतीवर चिकटवलेला असतो आणि सासूने काही सुचवले की सून त्या कागदाकडे बोट दाखवते. कागद बरोबर असतो. तरीही रात्री तीन वाजता बाळ थांबत नाही तेव्हा कागदाला खांदा नसतो, आणि मग हाक म्हातारीलाच जाते. हा प्रसंग घराघरांत घडतो आहे. तसेच परदेशचे. लेकीच्या बाळंतपणासाठी ऐन हिवाळ्यात न्यू जर्सीला जाणारी आजी आता नवलाची राहिलेली नाही. सामानात डिंक, अळीव, बाळंतशेपा, खिडकीबाहेर बर्फ, पाहुणी म्हणून मिळालेले सहा महिने, आणि पाहुणी असून घरातले सर्वांआधी उठणारे माणूस तीच. माझ्या वाचनात आलेल्या कथांत ही आजी खिडकीशी बसून गावाकडची आठवण काढते. पुन्हा हात रिकामे! बाळुती यंत्रात वाळतात, तर त्या वाचलेल्या वेळात ती काय करते? लाडू फुकट गेले तर कोणाला सांगते? सहा महिन्यांनी नातू तिला ओळखू लागतो नेमका तेव्हाच परतीचा दिवस येतो, त्या दिवशी ती बॅग कशी भरते? यातले एकही लिहिण्यासाठी विद्वत्ता लागत नाही. पाहावे मात्र लागते.

म्हणून कथा-कादंबरी वाचताना मी अलीकडे एकच साधी कसोटी लावते: आजी आली की तिच्या हातात काय आहे? काही नसेल, तर लेखकाने तिला पाहिले नाही असे खुशाल समजावे, मग भाषा कितीही गोड असो. वाचकांनीही ही कसोटी लावून पाहावी. आणि या दिवाळीत घरोघरी अंक चाळले जातील तेव्हा स्वयंपाकघरात कोणी तरी चकल्यांचा शेवटचा घाणा काढीत असेल. तिला घाणा झाला की बाहेर बोलवावे, अंक तिच्या हाती द्यावा, आणि विचारावे की यातल्या आजीविषयी तुझे मत काय. टीकाकार म्हणून तिचा अधिकार माझ्याहून मोठा आहे.