मुंबईची टीम आणि काल्हेरचा मी

मुंबईच्या रणजी संघावरचं लिखाण वाचताना मला एक गोष्ट नेहमी खटकते. कौतुक शिवाजी पार्कपासून सुरू होतं आणि 1958-59 ते 1972-73 या सलग 15 विजेतेपदांपाशी संपतं. आज एकूण विजेतेपदं 42 आहेत. पण जिंकणं हेच निष्ठेचं कारण असेल, तर हरल्यावर ती आटायला हवी. फेब्रुवारी 2025मध्ये नागपूरला विदर्भानं मुंबईला उपांत्य सामन्यात 80 धावांनी हरवलं. माझी निष्ठा काही आटली नाही.

मी काल्हेरचा. तालुका भिवंडी. चहूकडे गोदामं, कंटेनरच्या रांगा. रेल्वे स्टेशनही नाही. आम्हाला मुंबईकर कुणी म्हणत नाही. ही टीम म्हणते. 2023-24च्या मोसमात बडोद्याविरुद्ध अकराव्या नंबरवर येऊन 123 धावा काढणारा तुषार देशपांडे कल्याणचा. तमिळनाडूविरुद्ध 7 बाद 106 असताना येऊन 109 ठोकणारा शार्दूल ठाकूर पालघरचा. त्या वर्षीचा चषक मुंबईला मिळाला, तो या दोघांच्याही जिवावर.

आयपीएलमध्ये मीही निळी जर्सी घालतो. पण तिथली टीम लिलावात जमते. रणजीची टीम अजून बरीचशी लोकलनं येते, खांद्यावर किट अडकवून. म्हणून ती मला माझी वाटते. मुंबई क्रिकेटवर पुढच्या वेळी लिहाल, तेव्हा दादरच्या पुढची स्टेशनंही मोजा.