हिमाच्छादित खेडे आणि वाटसरूची दृष्टी

मोटारीतून खेड्यांमागून खेडी टिपीत जाणाऱ्या छायाचित्रकाराविषयी एक आक्षेप नेहमी घेतला जातो : त्याला खेडे दिसते, खेड्यातील जिणे दिसत नाही. हिवाळ्यात हा आक्षेप अधिकच बळावतो. कारण बर्फ दैन्याच्या खुणा झाकतो आणि मोडक्या कुंपणालाही शोभा आणतो. मॅरियन पोस्ट वोलकॉट यांची १९४० मधील व्हरमाँटची छायाचित्रे या कसोटीवर पारखून घेण्याजोगी आहेत.

अमेरिकेच्या फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्यात त्या १९३८ मध्ये रुजू झाल्या आणि बहुधा एकट्याच मोटार हाकीत त्यांनी देश पालथा घातला. वुडस्टॉक गावच्या हिमवर्षावी रात्रीचे त्यांचे चित्र विशेष गाजले. बर्फाखाली निजलेला गावचा मध्यभाग आणि दिव्यांचा मंद उजेड, यांपलीकडे त्यात फारसे काही नाही. हे चित्र एकटेच पाहिले, तर आक्षेप खरा ठरतो. परंतु वोलकॉट रस्त्यावरूनच परतल्या नाहीत. त्याच गावची मार्चमधील ग्रामसभा त्यांनी टिपली. एप्रिलमध्ये नॉर्थ ब्रिजवॉटर येथे मेपलच्या झाडांचा रस गोळा करणारा शेतकरी टिपला. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा उबारा असेल, तेव्हाच हा रस पाझरतो. पहिल्या चित्रात अलंकार असलेली थंडी येथे श्रमाची अट बनते, आणि वाटसरूची दृष्टी ऋतूच्या सौंदर्याकडून त्याच्या अर्थाकडे वळते.

तथापि एक उणीव राहतेच. त्या शेतकऱ्याचे नाव चित्राखालील मजकुरात नोंदलेले आहे. फ्लॉरिडातील बेल ग्लेड येथे १९४१ च्या हिवाळ्यात, काम थंडावले असता नाचगाण्याच्या गुत्त्याबाहेर उभ्या असलेल्या भाजीमळ्यांतील मजुरांच्या चित्राखाली मात्र ते स्थलांतरित मजूर आहेत, एवढेच कळते. ज्याच्या पायाखाली स्वतःची जमीन आहे तो व्यक्ती म्हणून उरतो. ज्याला पोटासाठी गावोगाव फिरावे लागते तो केवळ वर्ग म्हणून. भिंगाने दोघांनाही सारख्याच आस्थेने न्याहाळले. भेद केला तो शब्दांनी.

म्हणून अशा चित्रांचे मूल्यमापन केवळ छायाप्रकाशाच्या निकषावर करणे अपुरे ठरते. चित्र पाहणाऱ्याने त्याखालची ओळही वाचली पाहिजे, आणि त्या ओळीत कोणाचे नाव नाही, हेही.