फरक पडतो म्हणं

दशलक्षण पर्वात मंदिरातून बाहेर पडताना निपाणीची एक सून मला बाजूला घेऊन म्हणाली, "अक्का, पाटल्या मोडू काय?" तिचा पाच वर्षांचा लेक स्वमग्न आहे. हातात एक पत्रक होतं. स्टेम सेलची, म्हणजे मूळपेशींची इंजेक्शनं, गहू-दूध बंद, आणि खाली आईवडिलांचे अनुभव. प्रत्येक अनुभवाचा शेवट एकच : ‘फरक पडला.’

पत्रक मी घरी आणून दोनदा वाचलं. अनुभव खोटे आहेत असं मी म्हणत नाही. पण मूल वाढतं, शिकतं. उपचार केला नसता तरी फरक पडला असता का, हे त्यात कुणीच विचारलेलं नाही.

अमेरिकेत १९९९ साली हे तपासलं गेलं. सिक्रेटिन नावाच्या इंजेक्शनचा तेव्हा मोठा बोलबाला होता. ६० मुलांपैकी काहींना ते दिलं, काहींना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, हे पालकांना ठाऊक नव्हतं. पाणी टोचलेली मुलंही सुधारलेली दिसली. औषध काही पुढं गेलं नाही. तरीही निकाल ऐकून १०० पैकी ६९ पालकांना ते औषध हवंच होतं! मला त्यांचं हसू येत नाही. आशा अशीच असते.

गहू-दुधाचंही तेच. २०१६ च्या एका छोट्या अभ्यासात १४ मुलांना पथ्यावर ठेवून, खाऊत लपवून कधी गहू, कधी दूध दिलं. वागण्यात फरक दिसला नाही. आपल्या घरात कंदमुळं आधीच वर्ज्य. हे पोर चपाती-दुधाशिवाय काही तोंडात घेत नाही. तेही काढलं तर त्याच्या ताटात उरलं काय?

आणि मूळपेशी? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानं डिसेंबर २०२२ मध्येच सांगितलंय : स्वमग्नतेवर हा उपचार करू नये, त्याची जाहिरात करणं हा डॉक्टरचा व्यावसायिक गैरवर्तणुकीचा दोष. पत्रकात याचा एक शब्द नाही.

मी तिला म्हटलं, "पाटल्या राहू देत. बेळगावला बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडं नेतेस, ते सोडू नकोस. घरी त्याच्याशी रोज खेळ. सावकाश होईल."

ती जरा नाराजच झाली. पत्रकात ‘सावकाश’ हा शब्द नव्हता ना. पण गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. पाटल्या अजून हातात आहेत.