तपशीलपत्रक आणि प्रत्यक्ष कार्यक्षमता : दोन ग्राफिक्स कार्डांची तुलनात्मक समीक्षा

प्रास्ताविक

महाविद्यालयात संगणक खरेदीचा विषय निघाला की प्रथम तुलनात्मक तक्ता तयार होतो. मेमरी किती, वेग किती, किंमत किती असे त्यात रकाने असतात. ज्याचे आकडे मोठे आणि किंमत कमी, त्याची निवड होते. तपशीलपत्रकावरील आकड्यांवरून यंत्राची कार्यक्षमता कळते, असे गृहीतक या पद्धतीमागे आहे. ते कितपत ग्राह्य आहे हे तपासण्यासाठी प्रस्तुत लेखात दोन ग्राफिक्स कार्डांची तुलना केली आहे. एटीआय कंपनीचे ‘रेडिऑन ९७०० प्रो’ ऑगस्ट २००२ मध्ये बाजारात आले. एनव्हिडिया कंपनीचे ‘जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा’ नोव्हेंबर २००२ मध्ये जाहीर झाले व २००३ च्या आरंभी ग्राहकांपर्यंत पोहोचले. दोन्ही कार्डे आज कालबाह्य झाली आहेत. एटीआय कंपनीही २००६ मध्ये एएमडीने विकत घेतली. परंतु वाद शमल्यानंतरच त्याची निःपक्षपाती चिकित्सा शक्य होते.

तपशीलांची तुलना

प्रथमदर्शनी एफएक्स ५८०० अल्ट्राचे पारडे जड दिसते. त्याची चिप १३० नॅनोमीटर तंत्राने बनलेली असून तीत १२.५ कोटी ट्रान्झिस्टर होते. रेडिऑनची चिप जुन्या १५० नॅनोमीटर तंत्राची व सुमारे ११ कोटी ट्रान्झिस्टरची होती. एफएक्सच्या चिपचा वेग ५०० मेगाहर्ट्झ, तर रेडिऑनचा ३२५ मेगाहर्ट्झ होता. मेमरी दोन्हींत १२८ मेगाबाइट होती. मात्र एफएक्सची मेमरी नव्या डीडीआर-२ प्रकारची व ५०० मेगाहर्ट्झची, तर रेडिऑनची ३१० मेगाहर्ट्झची होती.

तक्त्यात सहसा न येणारा रकाना मात्र वेगळेच सांगतो. चिप आणि मेमरी यांना जोडणारी बस रेडिऑनमध्ये २५६ बिट रुंद होती, एफएक्समध्ये १२८ बिट. वाहने वेगवान असली तरी रस्ता निम्म्या रुंदीचा असेल तर एकूण वाहतूक कमीच होते. परिणामी रेडिऑनमध्ये सेकंदाला सुमारे १९.८ गिगाबाइट, तर एफएक्समध्ये १६ गिगाबाइट माहितीची ने-आण होऊ शकत होती.

पिक्सेल रंगविण्याच्या क्षमतेबाबतही हेच आढळते. रेडिऑनमध्ये ८ पाइपलाइन व प्रत्येकीत टेक्श्चर लावणारा एक घटक होता. एफएक्समध्ये ४ पाइपलाइन व प्रत्येकीत असे दोन घटक होते. वेगाने गुणल्यास सेकंदाला रेडिऑनचे २६० कोटी व एफएक्सचे २०० कोटी पिक्सेल होतात. टेक्श्चरची गणना केली तर मात्र एफएक्सचे ४०० कोटी आणि रेडिऑनचे २६० कोटी भरतात. म्हणजे एकाच तपशिलातून परस्परविरोधी निष्कर्ष काढता येतात. कोणता स्वीकारावा, हे कार्डाकडून कोणते काम करून घ्यायचे यावर अवलंबून असते.

प्रत्यक्ष कार्यक्षमता

पिक्सेलवर एकाहून अधिक टेक्श्चर चढविणाऱ्या तत्कालीन खेळांत एफएक्सने रेडिऑनची बरोबरी केली, काही ठिकाणी त्यावर मातही केली. परंतु डायरेक्टएक्स ९ या नव्या प्रणालीतील शेडर, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा रंग गणिताने ठरविणारे छोटे प्रोग्रॅम, चालविताना ते मागे पडले. या प्रणालीने पूर्ण अचूकतेसाठी किमान २४ बिटांची अट घातली होती. रेडिऑन नेमके २४ बिटांनी गणित करीत असे. एफएक्सकडे १६ आणि ३२ असे दोन पर्याय होते. पैकी १६ अटीला अपुरे आणि ३२ संथ. कागदावर ३२ हा आकडा मोठा होता, पण व्यवहारात तोच अडसर ठरला. शिवाय कार्डाच्या थंडाव्यासाठी बसविलेला पंखा दोन खाचांची जागा व्यापे आणि त्याचा आवाज चेष्टेचा विषय झाला होता. मे २००३ मध्ये जाहीर झालेल्या एफएक्स ५९०० अल्ट्रामध्ये कंपनीने चिपचा वेग ४५० मेगाहर्ट्झपर्यंत उतरविला व बस २५६ बिटांची केली. निर्मात्याने आपल्याच रचनेवर केलेली ही सर्वांत बोलकी टीका होय.

मापनाची विश्वासार्हता

आकडे अपुरे असतील तर चाचणी घ्यावी, हे ओघाने येते. परंतु चाचणीही निरपवाद नसते. फेब्रुवारी २००३ मध्ये फिनलंडच्या फ्यूचरमार्क कंपनीची ‘थ्रीडीमार्क०३’ ही चाचणी प्रसिद्ध झाली. तीत कॅमेरा ठरलेल्या मार्गानेच फिरत असे. मे महिन्यात असे उघड झाले, की कॅमेरा त्या मार्गावरून हलविताच एनव्हिडियाच्या कार्डावर चित्राचे काही भाग नाहीसे होतात. दृष्टीस पडणार नाही तो भाग रंगवायचाच नाही, अशी तजवीज ड्रायव्हरमध्ये केलेली होती. फ्यूचरमार्कने या युक्त्या निष्प्रभ केल्यावर एफएक्स ५९०० अल्ट्राचे गुण सुमारे २४ टक्क्यांनी घटले. एटीआयचे गुणही किंचित, म्हणजे सुमारे २ टक्क्यांनी उतरले. जून २००३ मध्ये मात्र फ्यूचरमार्कने एनव्हिडियासह संयुक्त निवेदन काढून ‘फसवणूक’ हा शब्द मागे घेतला.

एटीआयही यात निर्दोष नव्हती. २००१ मध्ये तिच्या रेडिऑन ८५०० चा ड्रायव्हर ‘क्वेक ३’ हा खेळ त्याच्या नावावरून ओळखून चित्राचा दर्जा उतरवीत व वेग वाढवीत असल्याचे दिसून आले होते. सप्टेंबर २००३ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने आपल्या ‘हाफ-लाइफ २’ या आगामी खेळात रेडिऑन कार्डे कितीतरी सरस असल्याचे जाहीर केले. पण ते एटीआयच्याच कार्यक्रमात, आणि दोन्ही कंपन्यांत व्यापारी करार असताना. तो निष्कर्ष खोटा नव्हता. नोव्हेंबर २००४ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर हा खेळ एफएक्स मालिकेतील कार्डांवर मूलतः डायरेक्टएक्स ८ च्या पातळीवरच चाले. तरीही निष्कर्ष खरा असणे आणि परीक्षक तटस्थ असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

निष्कर्ष

अध्यापकांना हा प्रकार अपरिचित नाही. प्रश्न आधीच ठाऊक असतील तर उत्तरपत्रिका विद्यार्थ्याचे आकलन मोजीत नाही. ‘अपेक्षित प्रश्नसंच’ किती पाठ झाला, एवढेच मोजते. थ्रीडीमार्कच्या बाबतीत नेमके हेच घडले. तपशीलपत्रक यंत्रात काय आहे ते सांगते. ते आपले काम कसे करील, हे सांगत नाही. प्रसिद्ध चाचणी काही अंशी ते सांगते, परंतु तिचा मार्ग विक्रेत्यालाही ठाऊक असतो.

म्हणून खरेदीच्या तक्त्यात आणखी एक रकाना हवा : आपल्या विभागाचे प्रत्यक्ष काम. भूगोल विभागाने आपलाच नकाशा, अभियांत्रिकी विभागाने आपलेच आरेखन त्या यंत्रावर चालवून पाहावे, आणि वेगाबरोबर चित्राचा दर्जा, उष्णता व आवाज यांचीही नोंद करावी. यास वेळ लागतो, हे खरे. परंतु ज्या आकड्यावर निर्णय घ्यायचा, तो कोणी, कशासाठी आणि कोणत्या अटींवर काढला हे विचारणे, ही परीक्षकाची प्राथमिक जबाबदारी होय.