सेलिन यांचा झेमेलवाइसविषयक प्रबंध

वैद्यकातील डॉक्टरेटचा प्रबंध वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेत सहसा येत नाही. १९२४ साली पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेत लुई-फर्दिनां देतूश यांनी सादर केलेला प्रबंध हा याला अपवाद होय. देतूश पुढे ‘सेलिन’ या नावाने कादंबरीकार म्हणून प्रसिद्धीस आले आणि त्यांचा हा प्रबंधही १९३६ व १९५२ साली ग्रंथरूपाने निघाला. हंगेरियन वैद्य इग्नाझ झेमेलवाइस (१८१८–१८६५) यांचे जीवन व कार्य हा त्याचा विषय.

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या विभागात शेकडा ११.४ बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात २.८. मार्च १८४७ मध्ये शवविच्छेदनाच्या वेळी शस्त्र लागून झेमेलवाइस यांचे स्नेही कोलेच्का मरण पावले. त्यांच्या शवपरीक्षेत सूतिकाज्वराचीच लक्षणे आढळली, आणि विच्छेदनगृहातून आलेल्या हातांबरोबर रोग येतो हे झेमेलवाइस यांनी ताडले. मे महिन्यापासून क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावाने हात धुण्याचा नियम झाला. १८४८ साली पहिल्या विभागातील प्रमाण १.२७ वर आले.

ही हकीकत सेलिन यांनी शोकांतिकेच्या आवेगाने सांगितली आहे. सत्य हाती आले तरी ते आपल्या बळावर मान्यता पावत नाही, अधिकारपदांचा मत्सर त्याला अडवतो, हे त्यांचे प्रतिपाद्य. विभागप्रमुख क्लाइन यांचे चित्र त्यासाठी काळ्याकुट्ट रंगात काढले आहे. वाचकाचे मन हेलावून सोडण्याची शक्ती या लेखनात निःसंशय आहे.

परंतु या शक्तीसाठी दिलेली किंमत मोठी आहे. मृत्यूचे प्रमाण एके ठिकाणी शेकडा नव्वदाच्याही वर नेले आहे. अखेरीस भ्रमिष्ट नायक विच्छेदनगृहात शिरून स्वतःस जखम करून घेतो, असा प्रसंगही रंगविला आहे. झेमेलवाइस यांच्या समग्र लेखनाचे संपादक तिबेरिउस ग्यॉरी यांनी १९२४ सालीच अशा चुका दाखवून दिल्या होत्या. वास्तविक ३० जुलै १८६५ रोजी झेमेलवाइस यांना व्हिएन्नाच्या मनोरुग्णालयात ठेवण्यात आले, आणि १३ ऑगस्टला जखमेतून झालेल्या रक्तदोषाने ते वारले. या अंतास कल्पनेची जोड देण्याचे काय प्रयोजन होते?

चरित्रकाराला काही मोकळीक असते, हे उत्तर येथे अपुरे ठरते. जंतूंचे ज्ञान नसलेल्या त्या काळी झेमेलवाइस यांच्यापाशी मृत्यूंच्या तक्त्यांइतका दुसरा सबळ पुरावा नव्हता. ते तक्ते त्यांनी १८६१ च्या ग्रंथात दिले, पण फार उशिरा आणि पाल्हाळिक, वादखोर भाषेत. ज्यांच्याजवळ आकडे होते त्यांना लेखन साधले नाही. ज्यांना लेखन साधले त्यांनी आकडे जपले नाहीत. ११.४ आणि २.८ यांमधील फरक हाच झेमेलवाइस यांचा युक्तिवाद आहे. तो फुगविला की त्यांच्या विरोधकांचा अविश्वासच रास्त ठरतो. सेलिन यांचा सर्वांत मोठा अन्याय क्लाइन यांच्यावर नसून त्यांच्या नायकावर झाला आहे.

म्हणून हा प्रबंध वाङ्मयाच्या अभ्यासकाने आस्थेने वाचावा, आणि वैद्यकाच्या संशोधकाने १८६१ चे तक्ते शेजारी ठेवून वाचावा.