आजोबांची आगबोट आणि आपली लेखणी

घराची शंभरी, आईवडिलांच्या लग्नाचा सुवर्णमहोत्सव किंवा कुटुंबातील एखाद्या धर्मगुरूचा दीक्षामहोत्सव अशा निमित्ताने घराण्याचा इतिहास छापण्याची प्रथा आपल्या समाजात रुजली आहे. मूळच्या गोव्याकडच्या, मुंबईत स्थिरावलेल्या ख्रिस्ती घरांच्या अशा पुस्तिकांत ‘बोटीवरचे आजोबा’ हे प्रकरण हटकून भेटते. या प्रकरणाकडे केवळ घरगुती कौतुक म्हणून न पाहता लेखनाचा एक प्रकार म्हणून पाहावे, असे आम्हांस वाटते.

या लेखनाचे दोन साचे ठळकपणे जाणवतात. पहिल्यात आजोबा कोवळ्या वयात घर सोडतात, सात समुद्र पालथे घालतात, टॉर्पेडोच्या तडाख्यातून वाचतात आणि ग्रामोफोन घेऊन परततात. बोटीचे नाव, साल, आजोबांचे काम यांपैकी काहीच सांगितलेले नसते. दुसऱ्या साच्यात कागदांच्या नकला जशाच्या तशा चिकटवलेल्या असतात. त्यांचा अर्थ लावण्याचे कष्ट कोणी घेत नाही. पहिल्यात माणूस आहे पण पुरावा नाही, दुसऱ्यात पुरावा आहे पण माणूस नाही.

वस्तुतः या शोधाची एक शिस्त आहे. ब्रिटिश व्यापारी जहाजांवरील खलाशांची व्यक्तिवार नोंद १८५७ साली बंद झाली, ती १९१३ पर्यंत पुन्हा सुरू झाली नाही. आणि १९१३ ते १९१८ या वर्षांची नोंद पुढे नष्ट करण्यात आली. उरले ते खलाशांचे करारनामे. ते माणसाच्या नावाने नव्हे, तर जहाजाच्या अधिकृत क्रमांकाने लावलेले आहेत. म्हणजे आजोबा शोधायचे तर आधी बोट शोधली पाहिजे. १८६३ ते १९३८ या काळातील करारनाम्यांचा मोठा भाग कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात आहे; १९३९ ते १९५० चे लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. बोटीचे नाव बहुधा घरातच सापडते. पेटीच्या तळाशी जपलेल्या सीडीसीत, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तिकेत, प्रत्येक सफरीचे जहाज, चढल्या-उतरल्याची तारीख आणि हुद्दा लिहिलेला असतो.

मात्र कागद म्हणजे वेदवाक्य नव्हे. तो कंपनीच्या सोयीसाठी, परक्या भाषेत, परक्या हाताने लिहिला गेला. त्यात आडनावाचे स्पेलिंग दर सफरीला बदलते. वर्तनाच्या रकान्यात ‘व्हेरी गुड’ असा शिक्का असतो आणि नातवंडे तो अभिमानाने छापतात. पण हा शिक्का कोणी मारला, कोणाच्या हितासाठी मारला, हा प्रश्न विचारला तरच त्या कागदाचे वाचन सुरू होते. हिंदी खलाशांना ब्रिटिश कागदपत्रांत ‘लास्कर’ म्हणत. आपल्या ‘लष्कर’ शब्दाचेच ते रूप. त्यांचे करारनामे वेगळे, वेतन गोऱ्या खलाशाच्या वेतनाहून कितीतरी कमी. १९३९ च्या सुमारास ब्रिटिश व्यापारी जहाजांवरील सुमारे एकचतुर्थांश कर्मचारी हिंदी होते. रोझिना विसराम यांचे १९८६ चे आणि गोपालन बालचंद्रन यांचे २०१२ चे संशोधन वाचले की आपल्या आजोबांची एकट्याची वाटणारी कथा एका मोठ्या श्रमिकवर्गाची कथा आहे, हे उमगते. अमिताव घोष यांनी ‘सी ऑफ पॉपीज’ (२००८) या कादंबरीत लास्करांना साहित्यात मानाचे स्थान दिले. परंतु कादंबरीकाराला रिकाम्या जागा कल्पनेने भरण्याची मुभा असते. कुटुंबाचा इतिहास लिहिणाऱ्याला ती नाही.

आमचा मुख्य आक्षेप येथेच आहे. गोव्याचे ख्रिस्ती बहुतांशी सलूनच्या खात्यात असत: स्वयंपाकी, बेकर, पॅन्ट्रीमन, स्ट्युअर्ड. कागद ‘पॅन्ट्रीमन’ म्हणतो आणि पुस्तिका ‘जहाजावरील अधिकारी’ म्हणते, तेव्हा ती लपवाछपवी आजोबांचा सन्मान करीत नाही. त्यांच्या श्रमाची लाज वाटते, एवढेच ती सांगते. ज्या पगारावर घर उभे राहिले, मुले शिकली, तो ताटे उचलून मिळवला होता. ताटांचा उल्लेख गाळून घराचा अभिमान कसा मिरवता येईल?

मत्तयकृत शुभवर्तमानाचा आरंभ वंशावळीने होतो. त्या वंशावळीत तामार आहे, राहाब आहे, रूथ आहे आणि उरीयाची पत्नीही आहे. शुभवर्तमानकाराने तारणाऱ्याच्या वंशातील अवघड नावे गाळली नाहीत. आपण मात्र आजोबांचा हुद्दा बदलतो, आणि आजीला तर विसरूनच जातो. आजोबा समुद्रावर असताना शेत, सावकार आणि आजारपण यांना तोंड देणारी ती बाई कुठल्याच करारनाम्यात नाही. तिच्यासाठी धर्मग्रामातील बाप्तिस्म्याची आणि लग्नाची नोंदवही उघडावी लागते. तसेच धोबीतलावच्या ‘कूड’चे. गावच्या संरक्षक संताच्या वेदीपुढे रोज संध्याकाळी जपमाळ म्हणत बोटीची वाट पाहणारे ते खलाशी आजोबांच्या चरित्राचाच भाग आहेत.

युद्धाच्या कथांबाबत तर अधिक सावधगिरी हवी. २३ नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेली ‘तिलावा’ जपानी पाणबुडीने बुडवली. २८० माणसे गेली. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात नाहीशा झालेल्या सहा हजारांहून अधिक हिंदी नाविकांची नावे एका स्मृतिग्रंथात आहेत. त्याची एक प्रत चितगाव येथे तर दुसरी मुंबईतील खलाशांच्या वसतिगृहात ठेवण्यात आली. ज्यांना समुद्राखेरीज कबर मिळाली नाही, त्यांच्या मरणाशी आपल्या आजोबांचे नाव पुराव्यावाचून जोडणे हा त्या मृतांवरही अन्याय आहे.

चांगले प्रकरण कसे असावे? त्यात बोटीचे नाव असावे, हुद्दा जसा होता तसा असावा, घरातली आठवण ‘आठवण’ म्हणून आणि नोंद ‘नोंद’ म्हणून वेगळी दिसावी. जेथे काही सापडले नाही, तेथे तसे एका ओळीत लिहावे. ती ओळ वाचून उद्या एखादी नात पुढचा शोध घेईल. नोव्हेंबरात आपण मृतांची नावे वेदीपुढे वाचतो. प्रार्थनेत ज्याचे नाव अचूक उच्चारतो, त्याचे आयुष्यही अचूक लिहिणे हे आपले कर्तव्य ठरते.