मोगरी, घण आणि झाडीचा ‘न’

लाकडी हातोड्याला मराठीत ‘मोगरी’ हा नेमका शब्द आहे. पटाशीच्या लाकडी मुठीवर लोखंडी हातोडा मारत राहिले तर मूठ फुटते, म्हणून सुतार मोगरी वापरतो. धुणे बडवायच्या दांडक्यालाही मोगरीच म्हणतात. लोखंड बडवतो तो घण. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवानी मुलखात राहून या दोन शब्दांचा माग काढताना मला व्युत्पत्तीपेक्षा व्युत्पत्ती लावण्याच्या आपल्या सवयीचाच अधिक विचार करावा लागला.

‘मोगरी’ची वाट सरळ आहे. संस्कृत मुद्गर, प्राकृत मोग्गर, मराठी मोगर. आणि हातोडा-हातोडी तशी त्याचे लहान रूप मोगरी. जोडाक्षरापूर्वीच्या ‘उ’चा ‘ओ’ होतो, हा नियम सांगताना बाराव्या शतकातील हेमचंद्राने दिलेल्या उदाहरणांत ‘मोग्गर’ आहे. तुंडाचे तोंड त्याच नियमाने झाले. संस्कृत कोशांत मुद्गराचे कळी आणि मोगरा हेही अर्थ सापडतात. देठावरची गच्च, गोल कळी पाहिली की हे नाते मला पटते.

‘घण’ अधिक गुंतागुंतीचा आहे. मूळ ‘घन’ हा ‘हन्’ धातूपासून आला. ज्याने ठोकायचे ते घन. पाणिनीच्या सूत्राने अयोघन आणि द्रुघन ही रूपे सिद्ध होतात. अयस् म्हणजे लोखंड, द्रु म्हणजे लाकूड. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १०२व्या सूक्तात मुद्गल द्रुघणाच्या साह्याने गायी जिंकतो. अमरकोश तर द्रुघण, मुद्गर आणि घन हे शब्द एकाच अर्थाने देतो. म्हणजे नुसत्या ‘घन’ला लोखंडाची सक्ती नव्हती. मराठीत घण लोखंडाकडे गेला, लाकूड मोगरीकडे राहिले.

आता झाडीबोली. तिच्यात ‘ण’ नाही. पाणी ‘पानी’ होते, लोणी ‘लोनी’ आणि घण ‘घन’. यावरून ‘झाडीने मूळ संस्कृत रूप जपले’ असा युक्तिवाद आमच्याकडे अभिमानाने केला जातो. तो टिकत नाही. संस्कृतातच ‘ण’ असलेले गुण आणि कारण हे शब्दही झाडीत ‘गुन’ आणि ‘कारन’ होतात. ज्या बोलीत प्रत्येक ‘ण’चा ‘न’ होतो, तिच्यातला ‘न’ प्राचीनतेची साक्ष देऊ शकत नाही. हे जतन म्हणता येत नाही. हा बोलीचा स्वतःचा नियम आहे.

हा वाद केवळ अक्षराचा नाही. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला वर्गात हसतात, तेव्हा आपण संस्कृतचा दाखला पुढे करतो. पण तसे करताना हसणाऱ्याचीच कसोटी मान्य करतो: संस्कृतशी जुळले तर शुद्ध, नाही तर गावंढळ. मग उद्या ‘गुन’ म्हणणाऱ्या मुलाची बाजू कोण घेणार? नियम पाळणारी बोली अशुद्ध नसते, एवढेच उत्तर पुरेसे आहे आणि ते दोन्ही शब्दांना लागू पडते.

डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा शब्दकोश सिद्ध करून पाया घातला आहे. १९८२ साली चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, बोली मात्र जिल्ह्याची हद्द पाळत नाही. पुढच्या संग्राहकाने अवजाराचे नाव टिपताना ते कोणत्या लाकडाचे, कशावर मारायचे, कोणाच्या हातातले, हेही टिपावे. मूळ शोधण्याची घाई त्यानंतर करावी.